बर्फावरची रिकीब

फुटी कोठीपासून अन्नपूर्णा मार्गापर्यंत पसरलेल्या आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात पौषातल्या पहाटे धुके उतरते, गल्लीच्या तोंडाशी शेकोटी पेटते आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला झोंबते, एवढीच काय ती माळव्याच्या थंडीची मजल. बर्फ येथे पडत नाही. तथापि ज्यांची मुले कॅल्गरी, डेन्व्हर किंवा व्हँकूव्हर येथे नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत आणि ज्यांची मुले हिवाळ्यात गुलमर्ग वा औलीच्या शिबिरांची वाट धरू लागली आहेत, अशी घरे आता या वसाहतीत थोडी नाहीत, म्हणूनच गेल्या मार्गशीर्षात शेजारची एक मुलगी तिन्हीसांजेला येऊन, "काका, स्नोबोर्डचं बाइंडिंग कोणतं घेऊ? जो तो आपलंच चांगलं म्हणतो," असे म्हणाली, तेव्हा तो प्रश्न मला अनपेक्षित वाटला नाही. वयाच्या पंचेचाळिशीनंतर हा खेळ मी गुलमर्गच्या उतारांवर शिकलो आणि त्यानंतर सात हिवाळे दहा-दहा दिवस त्याला दिले, एवढाच माझा अधिकार. परंतु त्या संध्याकाळी तिला दिलेले उत्तर घाईचे व अपुरे झाले ही रुखरुख मनात राहिली, आणि तो सगळा विषय एकदा नीट मांडून पाहावा असे वाटले.

स्नोबोर्ड म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची आणि मध्यभागी पाव मीटरच्या आसपास रुंदीची लवचीक फळी. स्वार तिच्यावर आडवा उभा राहतो, त्याचे चवडे एका पोलादी कडेवर येतात, टाचा दुसऱ्या कडेवर, आणि वळणे, थांबणे, वेग आवरणे ही सारी कामगिरी या दोन कडांपैकी एक बर्फात रुतवून आणि दुसरी उचलून साधली जाते. पायांची ही हालचाल फळीपर्यंत पोचविणारी जी जोडी फळीवर पेचांनी बसवलेली असते तिला बाइंडिंग म्हणतात, आणि मराठीत तिला रुळलेला शब्द नसला तरी होळकरांच्या पागांच्या टापांखाली वाढलेल्या नगरात राहणाऱ्या माणसाला तिचे प्रयोजन समजावून घेण्यास परका शब्दकोश धुंडाळण्याचे कारण नाही. जीन, तंग, लगाम आणि रिकीब या घोड्याच्या साजात रिकीब दिसावयास सर्वांत किरकोळ. परंतु स्वाराचा तोल, त्याचे वजन, भाला चालविताना त्याला लागणारा आधार ही सर्व तिच्याच द्वारे सिद्ध होतात. बाइंडिंग ही बर्फावरची रिकीब होय.

एका बाबतीत मात्र हे साम्य संपते, आणि तीच बाब निवडीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. रिकिबीतून पाय सुटला पाहिजे, कारण पडलेल्या स्वाराचा पाय तीत अडकला तर घोडा त्याला फरफटत नेतो. स्कीचे बाइंडिंग या अर्थाने खरोखरच रिकिबीच्या जातीचे आहे: ठरावीक मर्यादेपलीकडे पीळ पडला की ते आपोआप बूट सोडते, आणि ती मर्यादा स्वाराचे वजन, उंची, वय, कौशल्य व बुटाच्या तळाची लांबी यांच्या कोष्टकावरून मुक्रर केली जाते. स्नोबोर्डचे बाइंडिंग आपण होऊन पाय सोडत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असल्यामुळे एक पाय सुटला आणि दुसरा तसाच राहिला, तर ती लांब फळी त्या उरलेल्या पायाला पीळ घालील, म्हणून तो न सुटणेच इष्ट मानले गेले. आणि दोन्ही पाय एकत्र वळत असल्यामुळे गुडघ्यांच्या अस्थिबंधांवर स्कीमध्ये पडतो तसा स्वतंत्र ताणही येथे कमी पडतो. त्याऐवजी नवशिक्यांची मनगटे मोडतात, आणि घोट्यातील टॅलस नामक अस्थीच्या बाहेरच्या अंगाचा भंग तर या खेळात इतका परिचित आहे की वैद्यकात त्याला स्नोबोर्डवाल्यांचेच नाव मिळाले आहे. २०१८ साली प्याँगचांग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्तेर लेदेत्स्का हिने एका आठवड्याच्या अंतराने स्कीच्या सुपर-जी शर्यतीत आणि स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलममध्ये सुवर्णपदके मिळविली, ती वार्ता वाचताना माझ्या मनात प्रथम हाच विचार आला की एकाच शरीराने पाय सोडणाऱ्या आणि पाय न सोडणाऱ्या अशा दोन्ही बंधांशी इतके सख्य कसे जुळविले असेल.

या न सुटण्यामागे इतिहासही आहे, आणि त्याच्या आरंभी घोडाच भेटतो: १९२९ साली अमेरिकेत कोणा एकाने प्लायवुडची फळी कापून तीवर आपले पाय कपडे वाळविण्याच्या दोरीने व घोड्याच्या लगामाने बांधण्याचा प्रयत्न केला, अशी आठवण या खेळाच्या इतिहासात सांगितली जाते. खात्रीचा आरंभ मात्र १९६५ च्या नाताळातला. मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून जी 'स्नर्फर' नावाची फळी केली, तिला बंध मुळीच नव्हते. पुढच्या टोकाला एक दोरी असे आणि ती हातात धरून उभे राहावयाचे. १९७७ पासून व्हरमाँटमध्ये फळ्या बनवू लागलेले जेक बर्टन कार्पेंटर १९७९ साली मिशिगनमधीलच एका स्नर्फर-स्पर्धेत पाय बांधण्याची सोय असलेली फळी घेऊन उतरले, तेव्हा इतर स्पर्धकांनी हरकत घेतली आणि त्यांच्यासाठी वेगळा खुला गट करावा लागला. पाय बांधला की फळीच्या कडेवर अधिकार चालतो, ही गोष्ट त्या हरकतीनेच एक प्रकारे कबूल केली असे मी समजतो. १९८३ साली व्हरमाँटमधील स्ट्रॅटन या डोंगरी विहारस्थळाने या फळ्यांना आपले उतार खुले केले, त्याच दशकात टाचेमागे उभा राहणारा 'हायबॅक' म्हणजे पाठा प्रचारात आला, आणि १९९८ साली नागानो येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. आपल्याकडे २०२० साली गुलमर्गला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतही त्याचा समावेश होता.

आता निवडीकडे वळू. दुकानात शिरताच दृष्टी फळीच्या रंगचित्रांकडे धावते, तेथून बाइंडिंगकडे येते आणि बुटाचा विचार अखेरीस, पैसे संपत आल्यावर होतो. हा क्रम सर्वस्वी उलटा केला पाहिजे. बाइंडिंग पायाला धरीत नाही, ते बुटाला धरते, आणि बूट पायाला धरतो. यास्तव बुटात टाच उचलली जात असेल तर जगातील उत्तमोत्तम बाइंडिंगही त्या उचललेल्या टाचेचे बोलणे फळीपर्यंत पोचवू शकत नाही. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, ज्या मोज्यांनी खेळावयाचे तेच एक जोडी मोजे घालून पाहावा. उभे राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकावा आणि गुडघे वाकविताच किंचित मागे यावा, टाच जागची हलू नये. बूट ठरल्यानंतरच बाइंडिंगचे लहान, मध्यम वा मोठे माप त्या निर्मात्याच्या कोष्टकावरून पाहावे आणि तेवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष बूट त्यात ठेवून खातरजमा करावी, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे बूट बाहेरून सारखे नसतात.

या खातरजमेविषयी मी आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. पहिल्या हिवाळ्यात एका भाड्याच्या दुकानातून घेतलेले बाइंडिंग माझ्या बुटाला एक माप मोठे होते. घोट्याचा पट्टा दातेरी पट्टीच्या अखेरच्या दातापर्यंत आवळूनही बूट आत डाव्या-उजव्या बाजूस सरकत असे आणि चवड्याचा पट्टा दर दुसऱ्या वळणाला निसटून वर येई. दोन दिवस मी टाचेच्या कडेवर फळी रुतवावयास गेलो की पाठीवर आदळत होतो, आणि आपले वय झाले, हा खेळ आपला नव्हे, अशा निर्णयापर्यंत येऊन ठेपलो होतो. तिसऱ्या सकाळी शिक्षकाने माझ्याकडे न पाहता माझ्या बाइंडिंगकडे पाहिले, मध्यम मापाची जोडी बसवून दिली, आणि त्याच उतारावर, त्याच अंगाने मी तासाभरात टाचेचे वळण घेऊ लागलो. किती माणसे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खचून परत फिरली असतील आणि त्यांचा दोष केवळ एका मापाचा असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटते.

म्हणून पाहावयाचे ते असे. टाचेच्या कमानीत बूट मागेपर्यंत जाऊन बसला पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये, आणि बाजूंनी तो दाबलाही जाऊ नये. घोट्याचा पट्टा पायाच्या उंचवट्यावर मध्यभागी यावा. तो फार वर गेला तर नडगीला टोचतो, फार खाली आला तर चवड्याच्या बाजूचे वळण दुबळे होते, कारण त्या वळणात टाच वर उचलताना तिच्याबरोबर फळीची मागची कड उचलणारा हाच पट्टा असतो. चवड्याचा पट्टा हल्ली बुटाच्या टोकावर टोपीसारखा बसवितात, त्यायोगे बूट मागे कमानीत ढकलला जातो. पट्टे आवळल्यावर दातेरी पट्टीवर दोन्ही बाजूंना काही दात शिल्लक राहिले पाहिजेत. आणि बाइंडिंग फळीवर बसविल्यानंतर बुटाचे टोक व टाच ही दोन्ही आपापल्या कडेबाहेर जवळजवळ सारखीच डोकावली पाहिजेत. एकीकडे अधिक डोकावले तर तीव्र वळणात बूट बर्फाला घासतो आणि कड सुटते. ज्यांच्या बुटाचे माप २९ सेंटीमीटर वा त्याहून अधिक आहे त्यांनी ही अडचण बाइंडिंग सरकवून सुटेल अशी आशा धरू नये, त्यांना रुंद फळीच लागते.

कडकपणाचा प्रश्न लोकांना सर्वांत अधिक भुलवितो. निर्माते एक ते दहा अशा अंकांनी तो दर्शवितात, परंतु हे अंक प्रत्येकाने आपल्या घरचे ठरविले असल्यामुळे एकाचा पाच आणि दुसऱ्याचा पाच यांची बरोबरी गृहीत धरता येत नाही. मऊ बाइंडिंग चुका पोटात घालते, घोट्याला मोकळीक देते आणि उड्या-करामतींच्या मैदानात उपयोगी पडते. नायलॉनमध्ये काचतंतू वा कार्बन मिसळून केलेला कडक तळ आणि ताठ पाठा पायाची यत्किंचित् हालचालही तत्काळ फळीला कळवितात, आणि खड्या, टणक उतारावर वेगाने जाणाऱ्या निष्णात स्वाराला तेच हवे असते. नवशिक्याच्या पायांतून मात्र इच्छेपेक्षा थरथरच अधिक निघते, आणि कडक बाइंडिंग ती थरथरही तितक्याच प्रामाणिकपणे फळीवर उमटविते. यास्तव महाग म्हणजे कडक आणि कडक म्हणजे श्रेष्ठ हा बाजारातील समज मी हानिकारक मानतो. बूट, बाइंडिंग आणि फळी या तिघांचा कडकपणा परस्परांच्या जवळपास असावा, आणि वर्षातून दहा-बारा दिवस खेळणाऱ्याने तो मध्यम ठेवावा.

पाय आत घालण्याच्या पद्धती तूर्त तीन. दोन पट्ट्यांची पद्धत सर्वांत जुनी व सर्वांत प्रचलित. दुसरीत पाठा मागे निजतो, पाय मागून आत सरकतो आणि पाठा उभा करून कळ दाबली की बूट धरला जातो. फ्लो या कंपनीच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. तिसरीत पट्टेच नसतात, बुटावरील खुंट्या बाइंडिंगमध्ये खटकन बसतात. १९९० नंतरच्या दशकात अशा जाती आल्या आणि लोपल्या, पुढे २०१७ साली बर्टन कंपनीने 'स्टेप ऑन' या नावाने ती पुन्हा यशस्वी केली. तिच्यात टाचेशी एक आणि चवड्याजवळ दोन अशा तीन ठिकाणी बूट पकडला जातो, वाकावे लागत नाही, आणि रज्जुमार्गाच्या खुर्चीवरून उतरताना मागचा पाय मोकळा असतो तो क्षणार्धात पुन्हा बांधता येतो. ज्याची कंबर वाकत नाही, ज्याचे पोट पट्ट्यापर्यंत हात पोचू देत नाही, त्याने दुसरी वा तिसरी पद्धत निःसंकोच घ्यावी. परंतु तिसऱ्या पद्धतीला तिचाच बूट लागतो, भुसभुशीत ताजा बर्फ पकडीत साचला की ती बसता बसत नाही, आणि तिचा एखादा भाग मोडला तर काश्मीरच्या डोंगरात त्याचा बदल मिळण्याची शाश्वती कोणी देऊ नये. दोन पट्ट्यांचे बाइंडिंग मात्र एक पेचकस, एक सुटी दातेरी पट्टी आणि दोन पेच एवढ्या सामग्रीवर पुन्हा चालू होते. सपाटीच्या मुलखातून जाणाऱ्याला माझी शिफारस म्हणून पट्ट्यांचीच आहे. जे कोणते घ्याल ते जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, आडवे पडून उघडण्याचा सराव करावा. खोल बर्फात डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत माणूस रुतला तर हे बंध आपण होऊन सुटणारे नाहीत, हे वर सांगितलेच आहे.

बसविण्याचा तपशील रुक्ष आहे, पण त्यावाचून गत्यंतर नाही. बाइंडिंगच्या मधोमध एक चकती असते, तीतून साधारणतः सहा मिलिमीटर जाडीचे चार पेच फळीतील भोकांत जातात. ही भोके बहुतेक फळ्यांत चार सेंटीमीटरच्या चौकोनी घडणीची किंवा दोन-चारच्या दाट घडणीची असतात, तर बर्टनच्या नव्या फळ्यांत भोकांऐवजी एक लांब खाच असते आणि तीत सरकत्या चाक्यांवर पेच बसतात. सर्व चकत्या सर्व फळ्यांना चालत नाहीत. तेव्हा खरेदीपूर्वी, आणि भाड्याची फळी घेणार असाल तर दुकानदाराला आधी विचारून, ही जुळणी पाहून ठेवावी. नंतर पुढचा पाय कोणता ते ठरवावे. घरातल्या कोटा दगडाच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत जाऊन घसरावे, जो पाय आपसूक पुढे जातो तो बहुधा पुढचा. डावा पुढे असेल तर 'रेग्युलर' आणि उजवा असेल तर 'गूफी' म्हणतात, आणि दुसरे नाव ऐकून कोणी खट्टू होऊ नये. दोन पायांतील अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक. चकतीवर तीन-तीन अंशांच्या खुणा असतात. पुढचा पाय फळीच्या टोकाकडे पंधरा अंश आणि मागचा शेपटाकडे सहा ते पंधरा अंश वळविला तर आरंभ सुखाचा होतो, पुढे गुडघे सांगतील तसा त्यात फरक करावा. कठीण बूट घालून शर्यतीत उतरणारे दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांहूनही पुढे वळवितात, तो मार्ग वेगळा. गुलमर्गला रात्रभर हिमवर्षाव होऊन सकाळी मांडीभर भुगा पडलेला असला तर दोन्ही बाइंडिंगे दोन-तीन सेंटीमीटर मागे घ्यावीत म्हणजे फळीचे नाक वर राहते. पाठ्याचा पुढे झुकाव मात्र पहिल्या वर्षी वाढवू नये, पोटऱ्या भरून येतात.

गुलमर्गचा उल्लेख झाला म्हणून आणखी एक सांगणे जरूर आहे. तेथील रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा अफरवटच्या अंगावर साडेतीन हजार मीटरांच्या पुष्कळ वर नेऊन सोडतो, आणि तेथून पुढे चढून जाणारे लोक मध्यावर उभी दुभागणारी फळी वापरतात. तिच्या बाइंडिंगची दिशा फिरवून चढताना टाच मोकळी ठेवता येते आणि उतरताना ते पुन्हा आडवे बसविता येते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका कंपनीने असल्या बाइंडिंगांसाठी काराकोरम हे नाव घेतले आहे, ते वाचून मला आनंद झाला. परंतु हिमप्रपाताचे शिक्षण, शोधयंत्र, फावडे व शोधकाठी यांच्यासह जाणाऱ्या अनुभवी मंडळींचाच तो मार्ग आहे, पहिल्या खरेदीत त्याचा विचार करू नये.

खर्चाच्या बाबतीत मराठ्यांच्या घोडदळाचा जुना शिरस्ता मला नेहमी आठवतो. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो आपला घोडा, आपला साज घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. वर्षातून एकदा बर्फ पाहणाऱ्या माळव्याच्या माणसाने फळीच्या बाबतीत बारगीर राहावे आणि बूट व बाइंडिंगच्या बाबतीत शिलेदार व्हावे, हे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे. दीड मीटरची फळी इंदूरहून विमान बदलत श्रीनगरला नेण्याचा व्याप मोठा, बर्फाच्या जातीप्रमाणे ती बदलून घेणेही सोयीचे. उलट बाइंडिंगची जोडी दोन किलोंच्या आसपास भरते, बुटांबरोबर एका पिशवीत मावते, आणि एकदा आपल्या बुटाशी जुळली की कोणत्याही जुळत्या फळीवर तोच ओळखीचा आधार देते. परदेशातून भाऊ-बहिणी आपली वापरलेली बाइंडिंगे पाठवितात तीही जरूर घ्यावीत, मात्र तळाला पेचांच्या भोवती केसासारखी चीर गेलेली नाही, दातेरी पट्टीचे दात झिजलेले नाहीत, आणि थंडीत कडक होणारे प्लास्टिक वाकविल्यावर पांढरे पडत नाही, हे उजेडात धरून पाहावे. शेजारच्या मुलीला मी अखेर हेच सांगितले. तिने बूट व मध्यम कडकपणाची पट्ट्यांची जोडी घेतली, फळी गुलमर्गला भाड्याने मिळाली.

परतल्यावर तिने बाइंडिंगे तशीच ओली पिशवीत ठेवली होती ती मी काढावयास लावली. आमच्याकडे आषाढ लागला की भिंतींनाही दमटपणा येतो, आणि पेचांवर गंज चढावयास एक पावसाळा पुरतो. फळीवरून सोडवून, कोरडी पुसून, पट्टे सैल पण बक्कलात अडकवून, पेच वेगळ्या डबीत तेलाचे बोट लावून ती ठेवावीत. माझी जोडी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असते. खंडेनवमीला घरातील सुरी-कात्री, सायकल, पेटीतला हातोडा यांच्या पूजेबरोबर तीही खाली येते. दसरा मैदानाकडून ढोलांचा आवाज येत असतो, आणि मी पाटावर बसून तीन नंबरच्या पेचकसाने एकेक पेच फिरवून पाहतो. यंदा डाव्या बाइंडिंगचा एक पेच निम्म्यात अडला, तो मी बदलला.